रात्रीचं अंगावर पाजणं: बाळंतिणीसाठी, आणि तिच्या घरच्यांसाठी पण

आधी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून टाक, आईला सांग, सासूबाईंना सांग, नवऱ्याला तर दोनदा सांग. पहिला दीड-दोन महिना बाळ रात्री उठणारच. दर दोन तासांनी, तीन तासांनी, कधी तासाभरात परत. बाळाला दिवस आणि रात्र यातला फरक अजून कळत नाही, पोटात असताना कसला आलाय दिवस. त्यामुळे "रात्री एक बाटली पावडरचं दूध देऊ म्हणजे सगळे झोपतील" हे जे कोणीतरी येऊन सांगतं ना, मावशी असो नाहीतर शेजारची काकी, ते ऐकायला गोड लागतं पण तिथेच गाडी रुळावरून उतरते. दूध बनायला प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन लागतं आणि ते रात्री, खासकरून मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत जास्त असतं. त्या वेळेला बाळ ओढतं तेव्हा शरीराला कळतं की उद्या एवढं दूध हवंय. रात्रीचं पाजणं रोज चुकलं की आठ-पंधरा दिवसांत दिवसाचं दूध पण कमी व्हायला लागतं, मग लोक म्हणतात हिला दूधच नाही.

म्हणून रात्रीचं पाजणं टाळायचं कसं ते डोक्यातून काढून टाक, ते कमीत कमी त्रासात कसं उरकायचं तेवढं बघायचं. त्याची निम्मी तयारी संध्याकाळीच होते.

संध्याकाळी सातच्या आत

जिथे तू झोपतेस तिथेच हाताला लागेल असं सगळं मांडून ठेव. लंगोट किंवा डायपर, चार-पाच दुपटी, एक जुना मऊ पंचा (दूध गळतं, बाळ गुळणी टाकतं, सगळ्याला तोच), पाण्याची बाटली, आणि खायला काहीतरी. रात्री दोन वाजता पाजताना अशी काही भूक लागते की विचारू नकोस. आळिवाचा नाहीतर डिंकाचा लाडू, केळं, भाजलेले चणे, आणि थर्मासमध्ये गरम पेज असेल तर सोन्याहून पिवळं. उकड्या तांदळाची पेज आणि सकाळी नाचणीचं तिजान, आपल्या गोव्यातल्या बाळंतिणीला याहून चांगलं काय पाहिजे. फक्त एक, लाडवाने दूध वाढतं असं म्हणतात ते तेवढंसं खरं नाही. लाडू तुझ्या अंगात ताकद यायला, आळिवात लोह भरपूर असतं ते तुझ्या रक्ताला. दूध वाढतं ते बाळाने ओढल्याने.

आणि पाणी. "जास्त पाणी पिऊ नको, पोट सुटेल" हे सांगणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतंच, मान डोलव आणि पाणी पी. तहान लागेल तेवढं प्यायचं, पाजायला बसलं की तशीही तहान लागतेच.

लाइट झिरोचा बल्ब, तोही पायाकडे. ट्यूब पेटवली की बाळाचे डोळे टक्क उघडे आणि मग तासभर गप्पा मारायला तयार. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, जूनमध्ये एक फांदी तारेवर पडली की पहाटेपर्यंत काळोख, तेव्हा चार्जिंगचा छोटा दिवा उशाजवळ असू दे, मेणबत्ती नको. मच्छरदाणी हवीच. कॉइल लावून खोली बंद करून झोपायचं नाही. आणि ती शेगडी! बाळंतिणीला शेक देतात, बाळाला धुरी देतात, पावसात दुपटी वाळत नाहीत म्हणून तीच शेगडी रात्रभर खोलीत ठेवतात, हे मात्र मी कोणाच्याही सांगण्यावरून चालवून घेणार नाही. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. दुपटी फॅनखाली वाळव, इस्त्री फिरव.

उठलं, आता?

रडायची वाट बघू नकोस. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ वळवळतं, मान इकडेतिकडे फिरवतं, मूठ तोंडात घालायला बघतं, ओठ चाटतं, चुक् चुक् आवाज करतं. बाळ तुझ्याच खोलीत असेल तर हे सगळं अर्ध्या झोपेत पण ऐकू येतं, दुसऱ्या खोलीत आजीजवळ असेल तर आजीला ऐकू येईपर्यंत ते लालबुंद होऊन रडत असतं आणि रडणाऱ्या बाळाला नीट तोंडात धरता येत नाही. मग आधी त्याला शांत करा, मग पाजा, सगळ्यांची झोप मोडली.

आता धरायचं कसं, हे नीट वाच कारण निप्पल फुटणं, रक्त येणं, दूध न पुरणं, या निम्म्याअधिक तक्रारी इथून येतात. बाळाचं पोट तुझ्या पोटाला टेकलेलं पाहिजे, नुसतं तोंड वळवून नाही, तू स्वतः मान खांद्यावरून मागे वळवून पाणी पिऊन बघ किती जमतं ते. बाळाचं नाक निप्पलच्या समोर. तोंड नाही, नाक. म्हणजे निप्पल वरच्या ओठाला घासलं की ते मान थोडी मागे करून आ करतं, मोठा आ, जांभई देताना करतं तेवढा, आणि त्याच क्षणाला त्याला पटकन जवळ घ्यायचं. तू वाकायचं नाही, बाळाला आणायचं. हात त्याच्या मानेला आणि खांद्यांना, डोक्याच्या मागून ढकलायचं नाही, डोकं ढकललं की बाळ उलटं ताणतं. हनुवटी आधी टेकते, छातीत रुतते, नाक मोकळं राहतं, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, आणि निप्पलभोवतीचा काळा भाग खालून जास्त आत गेलेला असतो, वरून थोडा दिसत राहतो. पहिल्या दहा-वीस सेकंदांत थोडं चमकतं ते चालतं. त्यानंतरही दात खाऊन सहन करावं लागत असेल तर पकड चुकलीय. ओढून काढू नकोस, करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाल, हवा गेली की सुटतं, परत लाव. रात्री तीन वाजता परत लावायचा कंटाळा येतो हे मान्य, पण चुकीच्या पकडीवर अर्धा तास पाजलं तर पुढचे चार दिवस रडायची पाळी तुझी.

दूध जातंय हे कसं ओळखायचं? सुरुवातीला भराभर चोखतं, मग दूध उतरलं की लय बदलते, मोठं, हळू, आणि मधूनमधून गिळल्याचा बारीक आवाज. शांत रात्री तो छान ऐकू येतो, फॅनच्या आवाजात पण. नुसतंच फडफड फडफड ओठ हलतायत आणि गिळणं नाही तर ते झोपलंय. तेव्हा स्तन हाताने हलकेच दाबून धर, थोडं दूध आपोआप येतं आणि ते परत गिळायला लागतं. तरीही नाही तर काढ, लंगोट बदल, लंगोट बदलताना ते हमखास जागं होतं, आणि दुसऱ्या बाजूला लाव. म्हणूनच लंगोट पाजून झाल्यावर नाही, मध्ये बदलायचा. शेवटी बदललास तर झोपवलेलं बाळ उठवलंस म्हणून समज.

बोलणं नाही, गाणं नाही, लाडीगोडी नाही. ते सगळं दिवसा. रात्री काळोख आणि शांतता, म्हणजे हळूहळू त्याला कळायला लागतं. ढेकर काढायला खांद्यावर पाच मिनिटं घे, आली तर आली, नाही आली आणि बाळ निवांत असेल तर ठेव खाली. ढेकरेसाठी पाऊणपाऊण तास पाठ थोपटत बसणारे लोक मी बघितलेत, गरज नसते तेवढी.

आडवं पडून पाजायचं की नाही

घरोघरी "झोपून पाजू नये, कानात दूध जातं" हे ऐकायला मिळतं. नीट कुशीवर, बाळही कुशीवर, पोटाला पोट, नाक निप्पलसमोर, असं पाजलं तर काही होत नाही, आणि सिझर झालेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात रात्री उठून मांडी घालून बसायला सांगणं म्हणजे छळ आहे. तुझ्या पाठीला एक लोड, गुडघ्यांमध्ये एक उशी, तुझं डोकं उशीवर पण बाळाचं डोकं गादीवरच, तुझ्या हातावर नाही. टाक्यांवर बाळाच्या लाथा बसत असतील तर बसून, बाळाला बगलेतून मागे पाय करून धर, कळशी बगलेत घेतात तसं.

पण इथे एक गोष्ट कडक आहे. बसून पाजताना तुला डुलकी येणारच, ती कुठे येते ते महत्त्वाचं. सोफ्यावर आणि आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणं सगळ्यात धोक्याचं, बाळ कडेच्या फटीत घसरतं आणि श्वास कोंडतो. त्यापेक्षा घट्ट गादीवर, कडेला उशा-रजया नसलेल्या. पाजून झालं की बाळाला त्याच्या जागेवर, तुझ्या शेजारीच वेगळ्या गादीवर किंवा पाळण्यात, उताणं ठेव. उताणंच, कुशीवर नाही, पालथं नाही. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी देतात ती नको, कडेने लोड लावतात ते नको, तोंडापर्यंत येणारं पांघरूण नको. बाळ वेळेच्या बरंच आधी झालं असेल, वजन कमी असेल, घरात कोणी सिगरेट ओढत असेल किंवा नवऱ्याने त्या रात्री घेतली असेल, तर एका बिछान्यात बाळ नकोच नको. हे नवऱ्याला सासूबाईंनी सांगितलं तर जास्त बरं.

"दूद पावना गो हाका"

हे वाक्य, म्हणजे "याला दूध पुरत नाही गं", तुला ऐकू येणार, बहुतेक संध्याकाळी सहा ते दहाच्या मध्ये. त्या वेळेत बाळं चिकटून बसतात, आत्ता पाजलं, वीस मिनिटांनी परत, परत, छाती मऊ लागते, बाळ चिडतं, आणि घरात सगळे तुझ्याकडे बघायला लागतात. हे जवळजवळ सगळी बाळं करतात. दूध संपलं असा त्याचा अर्थ नाही, स्तन म्हणजे टाकी नाही, बाळ ओढत असताना दूध बनतच असतं. तेव्हा वाद घालू नकोस, लंगोट मोज. पहिल्या दिवशी एखादा ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त चांगले जड ओले लंगोट. शी पहिल्यांदा काळी, डांबरासारखी चिकट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी पातळ. एवढं होतंय तर दूध पुरतंय. वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं, जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, दहा ते चौदा दिवसांत परत जागेवर यायला हवं. दहा टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र डॉक्टरांकडे जायचं, घरगुती सल्ले बंद.

आणि पहिले दोन-तीन दिवस दूध "आलं नाही" म्हणून पण गोंधळ नको. तेव्हा येतो तो चीक, पिवळसर, घट्ट, एका वेळेला चमचाभर, आणि बाळाचं पोट तेव्हा तेवढंच असतं. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उतरतं, सिझरनंतर कधी थोडं उशिरा. तोपर्यंत चोवीस तासांत आठ ते बारा वेळा लावत राहायचं. जन्माचं वजन भरून येईपर्यंत बाळ स्वतः उठलं नाही तरी तीन तासांच्या वर रात्री झोपू द्यायचं नाही, उठवून पाजायचं. पिवळं पडलेलं, म्हणजे कावीळ असलेलं बाळ जास्त झोपतं आणि त्यालाच जास्त पाजायची गरज असते, "झोपलंय ना, झोपू दे" इथे चालत नाही. पाय उघडे कर, तळव्यांना गुदगुल्या कर, अंगावरचं दुपटं काढून छातीला कातडीला कातडी लावून धर.

मध, गुळाचं पाणी, घुटी, ग्राइप वॉटर, साधं पाणी, काही नको. मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या असल्या तरी पाणी नको, दुधातच आहे ते. पूर्ण सहा महिने फक्त दूध. मधाने तर लहान बाळाला बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षभर नको. फक्त व्हिटॅमिन डीचे थेंब रोज 400 युनिट, डॉक्टर लिहून देतात. बाटलीवर एका मिलीमध्ये 400 आहे की 800 ते बघून घे, दोन्ही मिळतात.

माशांबद्दल पण विचारतात सगळ्या. मोरी खाल्ली की दूध येतं म्हणून आपल्याकडे बाळंतिणीला मुद्दाम मोरीचं तिखलं करून घालतात. मोरी हा शार्क, मोठ्या शिकारी माशात पारा साठलेला असतो आणि तो दुधातून बाळात जातो, तर मोरी आणि इसवण (सुरमई) बाजूला ठेवून तारले, बांगडे खा, ते लहान मासे आणि त्यांच्यात चांगलं तेल भरपूर. तुझ्या घरात बाळंतिणीला किती दिवस मासे द्यायचे नाहीत तो प्रश्न मी सोडवू शकत नाही.

नवऱ्याने काय करायचं

पाजणं सोडून बाकी सगळं. सटीच्या, म्हणजे सहाव्या रात्री सगळे हौसेने जागतात, दिवा विझू देत नाहीत, सातव्या रात्रीपासून मात्र ती एकटीच जागी. बाळाला उचलून तिच्याजवळ द्यायचं, मध्ये लंगोट बदलायचा, पाण्याची बाटली भरायची, ढेकर काढून झोपवायचं. आणि सकाळी सहाचं पाजून झालं की बाळाला घेऊन बाहेर ओसरीवर जायचं, तिला दोन-अडीच तास सलग झोपू द्यायचं. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दुपारी दोन ते चार येऊ नका असं फोनवर सांगायचं काम पण त्याचंच, सुनेने सांगितलं तर वाईट दिसतं.

दुखलं, तापलं तर

दूध उतरतं तेव्हा छाती दगडासारखी होते, निप्पल सपाट होतं, बाळाला धरताच येत नाही. गरम कपडा दोन मिनिटं, मग हाताने थोडं दूध काढ, पुढचा भाग मऊ होतो, लगेच लाव. पाजून झाल्यावर थंड कपडा. सगळं पिळून रिकामं करत बसू नकोस, जेवढं काढशील तेवढं परत बनतं. काढलेलं दूध देताना बाटलीऐवजी बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने दे. 25 डिग्रीच्या आत ते चार तास टिकतं, पण एप्रिल-मे मध्ये आपल्या खोल्यांत 25 कुठून येणार, तेव्हा काढलं की सरळ फ्रीजमध्ये, दारात नाही, आत मागच्या बाजूला. आणि रात्रभर लाइट नसेल तर त्या दुधाचा भरवसा धरू नकोस.

एका बाजूला लाल चट्टा, गाठ, दुखणं आणि वर थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरकडे जा, पण पाजणं थांबवू नकोस, थांबवलं की गाठ वाढते. पॅरासिटामॉल चालते.

बाळाच्या बाबतीत वाट बघायची नाही अशा गोष्टी: अंग गरम, थर्मामीटरवर 38 सेल्सियस किंवा वर, किंवा उलट थंड पडलेलं, दोन वेळा पाजायला घेऊन ओढलंच नाही, उठवून उठत नाही, श्वास भराभर किंवा छाती आत ओढली जाते, पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत पोचला, बारा तासांत लंगोट ओला नाही. रात्रीची टॅक्सी शोधत बसू नका, 108 ला फोन. बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), मडगावला जिल्हा इस्पितळ (आधीचं हॉस्पिसियो), म्हापशाला जिल्हा इस्पितळ, जे जवळ ते. पकड जमत नाहीये एवढ्यासाठीसुद्धा जिथे बाळंत झालीस त्या वॉर्डातल्या नर्सबाईंना परत जाऊन दाखवायला लाजायचं काही कारण नाही, एखादीचा हात असा बसतो की पाच मिनिटांत काम होतं.

आणि तुझं स्वतःचं. पंधरा दिवस उलटून गेले तरी बाळ झोपल्यावर पण झोप येत नाही, सारखं रडू येतं, बाळाबद्दल काहीच वाटत नाही किंवा भलतेसलते विचार येतात, तर ते "सगळ्यांनाच होतं" मध्ये घालून सोडू नकोस, तेही डॉक्टरला सांगायचं.

दोन-तीन महिन्यांनी कधीतरी बाळ एकदम पाच तास झोपतं आणि तू दचकून उठतेस, गाऊन ओला, छाती ठणकतेय. त्याला उठवू नकोस, वजन चांगलं वाढत असेल तर झोपू दे. न्हाणीत जाऊन ठणका कमी होण्याइतकंच दूध हाताने काढ, परत पड. तीन-चार रात्रींत शरीर आपोआप जुळवून घेतं.